तळ्यावरची मोजणी

इथले अनुभव मी वर्षभर वाचतोय, लिहितोय मात्र पहिल्यांदाच. आधीच सांगून टाकतो, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, आणि आजही 'आहे' असं लिहायला हात धजत नाही. जमीन मोजणीच्या खात्यात एकतीस वर्षं काढली. पाथर्डीपासून कोपरगावपर्यंत अर्ध्या जिल्ह्याचे बांध पायाखालून गेलेत. दर दोन-चार गावांत कोणीतरी हमखास सांगायचं, "साहेब, त्या चिंचेखालून साखळी नका नेऊ, तिथं हाय कायतरी." मी साखळी तिथूनच न्यायचो. त्या 'कायतरी'ची आणि माझी गाठ कधी पडली नाही. पडली ती भावकीशी, आणि ती जास्त अवघड असते.

म्हणजे बघितल्याशिवाय आणि मोजल्याशिवाय कागदावर लिहिणारा माणूस मी नाही. निदान खात्यात तरी नव्हतो. घरातली गोष्ट वेगळी, आणि ती आधी सांगावी लागेल, नाहीतर तळ्यावर काय झालं ते तुम्हाला कळणार नाही.

आम्ही नगरचे. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडात नगरच बसलंय. चार पिढ्यांपासून ख्रिस्ती कुटुंब, घर सावेडीत. बायको शालिनी मागच्या दिवाळीनंतर गेली. हृदयाचं दुखणं होतं, नऊ दिवस दवाखान्यात होती. एकुलती एक मुलगी रूथ, पुण्याला नोकरी करते. शालिनी गेली तेव्हा मी तिच्याजवळ होतो, तिचा हात माझ्या हातात होता, असं मी रूथला फोनवर सांगितलं. नातेवाइकांना सांगितलं. पाळकसाहेबांनी दफनविधीच्या उपदेशात ते घेतलं — पतीचा हात हाती धरून आपली भगिनी प्रभूकडे गेली. बायका रडल्या. मी रडलो नाही.

कारण ते खोटं होतं. सकाळी साडेदहाच्या सुमारास शालिनीला डोळा लागला म्हणून मी खाली कँटीनमध्ये चहा प्यायला गेलो. चहा चांगला होता. आलं घातलेला. नऊ दिवसांत पहिल्यांदा कशाला तरी चव लागली, म्हणून मी दुसरा कप घेतला. कोणाचा तरी पेपर पडला होता, तो चाळला. वर गेलो तर पडदा ओढलेला होता. तिथल्या सिस्टरने विचारलं, "कुठे होतात तुम्ही?" पंधरा मिनिटांनी रूथला फोन लावला तेव्हा तोंडातून पहिलं वाक्य बाहेर पडलं ते हात धरल्याचं. का पडलं, मला माहीत नाही. एकदा पडल्यावर मागे घेता आलं नाही.

तेव्हापासून मी असा आहे. दुःख होतंय असंही नाही. दाढी करतो, भाजी आणतो, भांडी घासतो. दाताला इंजेक्शन दिल्यावर गाल असतो ना, तसं सगळं... आहे, पण आपलं नाही. रूथ दर रविवारी उपासना झाल्यावर फोन करायची. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, ठेवू मग. पाच-सहा मिनिटं. पूर्वी बापलेकीचा फोन अर्धा तास चालायचा, शालिनी ओरडायची. मला वाटायचं, आईसाठी बाप रडला नाही म्हणून पोरगी दुरावली.

माझ्या ऑफिसातल्या एका जुन्या मित्राचा मुलगा तन्वीर. एमआयडीसीत सुपरवायझर आहे आणि सुट्टीच्या दिवशी ट्रेक नेतो. त्याने मला घरातून अक्षरशः ओढून काढलं. "काका, भिंतीकडे बघत बसण्यापेक्षा डोंगराकडे बघा की." त्याची एक मालिका चालते, उंचावरच्या तळ्यांची. महिन्यातून एक तळं, सकाळी चढायचं, संध्याकाळी परत. आपल्याकडे हिमालयासारखी सरोवरं नाहीत. पण अकोले तालुक्यातल्या डोंगरांवर, तीन-चार हजार फुटांवर, कातळाच्या खोलगट पठारांत पाणी साठतं. पावसाळ्यात वर गुरं चरायला नेतात, त्यांचं पिण्याचं पाणी तेच. मी चार तळी पाहिली त्याच्याबरोबर. चढताना काही वाटायचं नाही, उतरताना काही वाटायचं नाही. पण दिवस जायचा.

पाचवं तळं गणपती झाल्यावरचं. राजूरच्या पुढे, मुख्य रस्ता सोडून आत गेल्यावर एक वाडी आहे. नाव देत नाही, लोक उगाच जाऊन तिथल्या माणसांना त्रास देतील. पहाटे टेम्पो ट्रॅव्हलरने निघालो, अकोल्यात मिसळ खाल्ली, नऊला चढायला लागलो. आम्ही तेरा जण, आणि वाट दाखवायला वाडीतले सोमामामा. साठीचे असतील, म्हणजे माझ्याच वयाचे, पण चालताना मी त्यांचा बाप वाटावा.

आता तन्वीरची एक पद्धत सांगतो, सगळं त्यावरच आहे. गाडीतून उतरल्यावर तो प्रत्येकाला नंबर देतो. पुढे प्रत्येक थांब्यावर "गिनती!" म्हणून ओरडतो, की एकापासून सगळ्यांनी ओळीने आपापला नंबर म्हणायचा. शेवटचा माणूस सगळ्यांच्या मागे चालतो आणि गिनती पूर्ण झाल्याशिवाय त्याने पाऊल उचलायचं नाही. तो शेवटचा कायम मी. एक तर मी हळू, आणि तेरा नंबर दुसऱ्या कोणाला नको असतो. "काका, मोजणीखात्याचा माणूस शेवटी असला की मला टेन्शन नाही," तन्वीर म्हणायचा.

नऊ नंबर होता प्राजक्ताला. शेवगावची मुलगी, नगरला फार्मसी शिकते, पहिल्यांदाच आलेली. तिच्यापुढे आठ नंबर देशमुख मॅडम, मागे दहा नंबर जोशी सर. प्राजक्ता बोलायला मोकळी. चढताना मला म्हणाली, "काका, तुम्ही एवढं हळू चालता, की मुंग्या पुढं जायल्यात." मी म्हटलं, मुंग्यांना गुडघे नसतात. तिच्याशी माझं बोलणं झालं ते एवढंच. हे लक्षात ठेवा.

साडेअकराला वर पोचलो. तळं मोठं नाही, तीन-साडेतीन गुंठे पाणी भरेल. काळा कातळ, कडेने सोनकीची पिवळी फुलं. उत्तरेला वाडीकडे उतरणारी वाट आणि दक्षिणेला तळ्यापासून चाळीस पावलांवर कडा. सरळ तुटलेला, खाली नाळ, म्हणजे अरुंद खोल घळ. मी पावलं मोजली होती, ती सवय काही जात नाही. आम्ही डबे खाल्ले, फोटो झाले. साडेबाराला कड्याकडून धुकं आलं. हळूहळू वगैरे नाही. जोशी सर समोर उभे राहून सोलापूरच्या चादरीचा किस्सा सांगत होते, आणि किस्सा पुरा व्हायच्या आत सर दिसेनासे झाले.

तन्वीर घाबरट नाही, पण नियमाचा पक्का. "सगळे वाटेवर या, ओळ करा, निघायचं. गिनती!"

"एक." "दोन." "तीन..."

मला माझ्यापुढच्या माणसाची पाठ तेवढी दिसत होती. नंबर धुक्यातून येत होते.

"सात." "आठ." "नऊ." "दहा." "अकरा." "बारा."

"तेरा, पूर्ण," मी म्हटलं. आम्ही निघालो.

'नऊ' मी ऐकला. प्राजक्ताचा आवाज, शेवगावकडचा तो लांबवलेला हेल, सगळं होतं. पुढे पाऊण तासाने कारवीच्या झाडीत, जिथे वाट अरुंद होते, पुन्हा गिनती झाली. तिथेही धुकं होतंच. तिथेही "नऊ" आला. मी "पूर्ण" म्हटलं.

दोनच्या सुमारास आम्ही धुक्याच्या खाली आलो. एकदम लख्ख ऊन, खाली वाडीची कौलं, भाताची खाचरं. तन्वीरने तिसरी गिनती घेतली.

"आठ," देशमुख मॅडम म्हणाल्या.

मग काही नाही.

"नऊ? प्राजक्ता?"

सगळ्यांनी मागे वळून बघितलं. मी एकेकाच्या अंगावर बोट दाखवत मोजलं. बारा. पुन्हा मोजलं. बारा. देशमुख मॅडम खालीच बसल्या. "अहो, आत्ता तर होती! कारवीत माझ्या अगदी पाठीमागून बोलली ती." जोशी सर म्हणाले, "आणि माझ्या पुढून. निळा रेनकोट दिसत होता मला." निळे रेनकोट त्या दिवशी पाच जणांचे होते, त्यामुळे रेनकोट मी पुराव्यात धरत नाही. पण आवाज दोघांनी ऐकला, मी ऐकला, तन्वीरने ऐकला.

तन्वीरचा चेहरा पांढरा पडला. तो मला काही बोलला नाही, बोलला असता तर बरं झालं असतं. पूर्ण म्हणणारा मी होतो. माझ्या मनात तेव्हा कडा होता, चाळीस पावलं. भीती वाटायला हवी होती. मला फक्त आकडा दिसत होता.

बाकीच्यांना सोमामामांच्या सुनेकडे वाडीवर धाडलं आणि तन्वीर, सोमामामा आणि मी परत वर निघालो. तन्वीर मला येऊ नका म्हणत होता, पण मी ऐकलं नाही. पाय दुखत होते की नाही, मला आठवत नाही. धुक्यात शिरल्यावर तन्वीर ओरडायला लागला, "नऊ! नऊ नंबर!" सोमामामांनी त्याचा दंड धरला.

"आकडा नगं घेऊ," ते म्हणाले. "धुक्यात नुसत्या आवाजावर जायचं न्हाई. आमी गुरंबी धुक्यात आवाजावर मोजत न्हाई, पाठीला हात लावून मोजतो. आन् मानूस आसला तर त्येला इचारायचं कायतरी. आठवून सांगावं लागंल आसं. जो जबाब देतोय तो आपला."

"आणि नाही दिला तर?"

"तर मग फुडं जायचं न्हाई."

तळं जवळ आलं तेव्हा सव्वातीन झाले होते. सोमामामांनी तोंडाभोवती हात धरले. "ये पोरी, प्राजक्ता... सकाळी काय खाल्लं गं?"

थोडा वेळ काही नाही. मग शांत, अगदी घरात बसल्यासारखा आवाज आला. "मिसळ. पण तर्री लई तिखट हुती."

तन्वीर रडलाच तिथे. आम्ही पुढे गेलो तर ती पाण्याच्या कडेला एका दगडावर बसली होती, गुडघ्यांना मिठी मारून. अंगावर ओरखडा नाही. अडीच-पावणेतीन तास एकटं धुक्यात बसलेलं माणूस जसं दिसायला हवं, तशी ती अजिबात दिसत नव्हती. तिने आधी तन्वीरकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि कपाळाला आठी घातली.

"काका? तुम्ही खालून कसे आलात? आत्ता तर इकडं गेलात ना उठून."

तिने हात केला तो दक्षिणेला. कड्याकडे.

सोमामामा त्या बाजूला दहा-बारा पावलं जाऊन आले. परत आल्यावर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि चांगला दाबून बघितला, मग दुसऱ्या खांद्यावर. "हाय. ह्यो खरा हाय," ते तन्वीरला म्हणाले. ती थट्टा नव्हती.

प्राजक्ताने उतरताना जे सांगितलं ते असं. डबा खाऊन झाल्यावर ती जरा आडोशाला गेली होती. लाजून कोणाला सांगितलं नाही. परत आली तर धुकं, आणि आम्ही गेलेले. तिने हाका मारल्या. मग घाबरून पळायला लागली, तेव्हा जवळूनच मी म्हणालो, "पळू नकोस, तिकडे कडा आहे. इथे बस." मी तळ्याकाठी बसलो होतो. ती माझ्याशेजारी येऊन बसली. मी म्हणालो, येतील ते, हलायचं नाही. "तुम्ही माझ्यासाठी मागं थांबलात, असंच वाटलं मला," ती म्हणाली. ती पळत होती ती दिशा मी तिला दाखवायला लावली. दक्षिणच होती.

मी दगड बघून आलो होतो. तिच्या शेजारची जागा ओलीच होती, बाकीच्या कातळासारखी. गवत दबलेलं वगैरे काही नव्हतं. काहीतरी असतं तर पंचनामा करायला बरं पडलं असतं.

परतीला गाडीत ती माझ्या शेजारी बसली. संगमनेर मागे पडलं तशी बाकीची मंडळी झोपली. तिने हळूच विचारलं, "काका, बरं वाटतंय का आता?"

"मला काय झालंय?"

"तसं नाही... तुम्ही एवढं रडत होतात ना. मला आधी भीतीच वाटली. एवढ्या मोठ्या माणसाला असं रडताना मी कधी बघितलं नव्हतं." तिने खिडकीकडे बघितलं. "पण काका, खरं सांगू का? चहा प्यायला गेलात म्हणून काही तुम्ही वाईट नाही होत. दुसरा कप घेतला म्हणून पण नाही. नऊ दिवस जागा होता माणूस. काकू रागावल्या नसत्या."

शालिनी गेली हे गाडीतल्या सगळ्यांना माहीत होतं, तन्वीरने सांगितलं असणार. पण चहाचं... चहाचं मी आरशाला सांगितलं नव्हतं. आणि दुसऱ्या कपाचं तर मी स्वतःशीसुद्धा कधी उच्चारलं नव्हतं.

"अजून काय बोललो मी?"

"तुम्हालाच माहीत की," ती कसनुसं हसली. तिला वाटलं मी ओशाळलोय. "एकच सारखं म्हणत होता, पोरीला खोटं सांगितलं, पोरीला खोटं सांगितलं. मी म्हटलं, मग आता खरं सांगा. तर उठून गेलात."

राहुरी आलं, विद्यापीठ गेलं, नगर आलं. तन्वीरने मला घरापाशी सोडताना घट्ट मिठी मारली. मी आत जाऊन डाळ-तांदूळ लावले. कुकरच्या शिट्ट्या मोजल्या. बस.

चार दिवसांनी मी रूथला फोन केला आणि म्हटलं, येशील का शनिवारी? अकरा महिन्यांत मी आपणहून फोन केल्याची ही पहिली वेळ. ती लगेच हो म्हणाली, का म्हणून विचारलं नाही.

शनिवारी ती आली. डायनिंग टेबलावर पेपर पसरून मेथी निवडायला बसली. मी समोर बसलो आणि म्हटलं, "रूथ, आई गेली तेव्हा मी जवळ नव्हतो. हात धरला नव्हता. खाली चहा पीत होतो मी."

तिचे हात थांबले नाहीत. "माहितीये."

"काय माहितीये?"

"बाबा, तुम्ही सापडेनात म्हणून सिस्टरनी फॉर्मवरचा दुसरा नंबर लावला. तो माझा होता. आई गेली हे मला तुमच्या आधी कळलंय." तिने एक जुडी संपवली, दुसरी ओढली. "मग वीस मिनिटांनी तुमचा फोन आला. तुम्ही म्हणालात, हात धरून होतो."

मी विचारलं, मग तू बोलली का नाहीस.

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते. दर रविवारी वाटायचं, आज सांगतील. चहाचा राग नव्हता हो बाबा. मी तरी कुठे होते? मी पुण्यात मीटिंगमध्ये होते. आपण दोघंही नव्हतो तिथे. पण तुम्ही 'मी होतो' म्हणालात ना, तेव्हा तिथे नसलेली मी एकटीच उरले."

हे वाक्य मला रडवायला पुरेसं होतं, हे मला समजत होतं. डोळे कोरडेच राहिले. मी उठून तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिने तो काढला नाही. मग तीच रडली, मेथीवर वाकून, बराच वेळ. मी पाणी आणून दिलं.

शांत झाल्यावर तिने विचारलं, "आज कसं सांगावंसं वाटलं?"

आणि मी, खात्यातला माणूस, जे घडलं ते क्रमाने सांगितलं. गिनती, धुकं, दोन वेळा आलेला नऊ, तळं, प्राजक्ता, चहा, दुसरा कप. शेवटी रूथ म्हणाली, "म्हणजे त्या मुलीला आधी सांगितलंत. रडलात पण तिच्यापुढे."

"अगं, तो मी नव्हतो. मी खाली उतरत होतो, सगळे होते माझ्याबरोबर..."

"बाबा," ती अगदी हळू म्हणाली, "पुन्हा नको ना."

अकरा जणांचे नंबर माझ्या मोबाईलमध्ये होते. कोणालाही फोन लावून तिच्या कानाला देता आला असता. नाही दिला. नव्हतो तिथे होतो म्हणून मी एकदा सांगून बसलोय. आता होतो म्हणतात तिथे नव्हतो म्हणून सांगायला माझ्याकडे तोंड नाही.

तन्वीर आता गिनती घेताना प्रत्येकाच्या पाठीला हात लावतो. त्या तळ्यावर तो पुन्हा गेलेला नाही. जोशी सरांचं म्हणणं, कड्यावरून प्रतिध्वनी आला असणार. पण प्रतिध्वनी यायला आधी कोणीतरी नऊ म्हणायला हवं. माझ्या डॉक्टरांचं म्हणणं, त्या मुलीला भीतीने भास झाला. मान्य. पण तिच्या भासाला माझा दुसरा कप कसा कळला, यावर ते बीपीची गोळी बदलून देतात. इथे कोणाकडे उत्तर असेल तर जरूर लिहा, फक्त पूजा-शांती सुचवू नका.

एवढंच मात्र मला कळतं, की जो कोणी तिथे बसला होता त्याने एका पोरीला कड्यापासून लांब ठेवलं, खरं बोलला आणि पोटभर रडला. हे सगळं करायचं मला होतं.

रूथचा रविवारचा फोन आता पुन्हा लांबतो. आईच्या आठवणी काढते, हसते सुद्धा. ठेवताना न चुकता सांगते, "बाबा, रडू आलं तर मला फोन करा. कितीही वाजता. दुसऱ्या कोणाला नाही, मला." मी हो म्हणतो. अजून तरी आलेलं नाही.